वेगळं होताना घराचं एकत्र कर्ज आणि जोडीदाराची देणी: आधी सही कुठे कुठे आहे ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंड पूर्वेला दोघांच्या नावावर फ्लॅट. गृहकर्जाचे ६० लाख बाकी, १५ वर्षं शिल्लक, व्याजदर ८.५ टक्के. हप्ता पतीच्या खात्यातून जायचा. ते वेगळे राहायला गेल्यापासून दोन हप्ते थकले. त्यांच्या नावावर पर्सनल लोन, दोन क्रेडिट कार्डं, धंद्यासाठी बँकेची कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) आणि पतपेढीचं कर्ज आहे. परस्पर संमतीने घटस्फोटाची बोलणी चालू आहेत. "त्यांची देणी माझ्या अंगावर येतील का, आणि घराच्या कर्जातून माझं नाव निघेल का?"

पहिलं काम आजचं आहे: थकलेले हप्ते भरा. पती भरणार होते, कोर्टात तसं ठरणार आहे, वकिलांचं बोलणं चालू आहे, ही सगळी तुम्हा दोघांमधली गोष्ट. बँकेच्या करारात तुम्ही दोघंही सहकर्जदार आहात आणि भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे बँक दोघांपैकी कुणाकडेही पूर्ण रक्कम मागू शकते. "माझा अर्धा वाटा मी भरते" असं म्हणून अर्धी रक्कम भरली, तरी बँकेच्या खात्यात तो हप्ता थकलेलाच दिसतो. कौटुंबिक न्यायालयाने उद्या "कर्ज पतीने फेडावं" असा आदेश दिला, तरी बँक त्या खटल्यात पक्षकार नसते, त्यामुळे तिचा तुमच्यावरचा हक्क तसाच राहतो. ही एक गोष्ट नीट समजली नाही म्हणून माणसं वर्षानुवर्षं अडकतात.

हप्ता थकल्यावर दिवस कसे मोजले जातात ते बघा. सगळ्यात जुना थकलेला हप्ता ३० दिवसांपर्यंत असेल तर खातं एसएमए-० (एसएमए म्हणजे थकण्याची चिन्हं असलेलं, लक्ष ठेवायचं खातं), ६० पर्यंत एसएमए-१, ९० पर्यंत एसएमए-२, आणि ९० ओलांडले की एनपीए, म्हणजे बुडीत मानलं जाणारं खातं. तुमचे दोन हप्ते थकलेत, म्हणजे हातात साधारण एक ते दोन महिनेच आहेत. एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून खातं पुन्हा नियमित होत नाही. सगळी थकबाकी, मुद्दल आणि व्याजासकट, भरावी लागते. पुढे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरीही पैसे आले नाहीत तर ताबा. आधी कागदोपत्री ताबा घेतला जातो, दारावर नोटीस चिकटते आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापून येते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत अर्ज करता येतो. लिलावाची जाहीर नोटीस निघेपर्यंतच संपूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा आली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. "लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन जाऊ" हा जुना समज आता घर घालवतो.

पैसे कसे भरता यालाही महत्त्व आहे. पतीच्या खात्यात टाकू नका, रोख देऊ नका. तुमच्या एकटीच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा आणि प्रत्येक पावती जपा. मग पतींना ईमेल आणि पोचपावतीच्या टपालाने एक छोटं पत्र पाठवा: अमुक तारखेला अमुक हप्ता मी भरला, तो माझे सर्व हक्क राखून भरला आहे, आणि त्यातला तुमचा हिस्सा वसूल करण्याचा माझा अधिकार कायम आहे. कलम ४३ मध्येच सहकर्जदाराकडून त्याचा वाटा मागण्याची तरतूद आहे, पण ती वापरायची तर भरल्याचा पुरावा तुमच्या नावचा हवा. पाच वर्षांनी हिशेब मांडताना "घरखर्चासाठी दिले होते" असं उत्तर येऊ नये, म्हणून हे पत्र.

पूर्ण हप्ता झेपत नसेल तर एनपीए होण्याआधी शाखेत लेखी अर्ज देऊन मुदत वाढवून मागा. ६० लाखांचा ८.५ टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता साधारण ५९,०८४ रुपये होतो. तो २० वर्षांवर नेला तर ५२,०६९ आणि २५ वर्षांवर ४८,३१४. एकूण व्याज वाढतं हे खरं, पण आत्ता खातं जिवंत ठेवणं महत्त्वाचं आहे. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे पुढे पैसे आले की मुदत पुन्हा कमी करता येते. वाढीव मुदत तुमच्या निवृत्तीच्या वयापलीकडे जात असेल तर मात्र बँक अडते.

पतीची बाकीची देणी

मुंबईत हिंदू विवाह कायद्याने किंवा विशेष विवाह कायद्याने लग्न झालेल्या जोडप्याची मालमत्ता आणि कर्ज आपोआप समाईक होत नाही. (गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी संहितेमुळे वेगळी रीत आहे, तिथल्या नातेवाइकांचा सल्ला इथे लागू करू नका.) त्यामुळे प्रत्येक कर्जाबद्दल विचारायचं ते एवढंच: कागदावर तुमची सही आहे का, आणि ती सहकर्जदार म्हणून आहे की जामीनदार म्हणून? पत्नी असणं ही काही जामिनकी नव्हे.

त्यांच्या एकट्याच्या नावाचं पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्ड त्यांचंच. वसुली एजंटचा फोन तुम्हाला आला तर एवढंच सांगा की मी या कर्जाची कर्जदार किंवा जामीनदार नाही, यापुढे मला फोन करू नका. आणि तेच बँकेच्या तक्रार विभागाला ईमेलने लिहा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात करता येतात, आणि कर्जदाराच्या घरच्यांना छळणं, धमकावणं याला बंदी आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. फोनवर "बघू, थोडे भरते" असं सौजन्यापोटीही बोलू नका आणि समोर आलेल्या कुठल्याही पत्रावर सही करू नका. ऋण नसलेल्या माणसाकडून सहीने ऋण मान्य करून घेणं हा वसुलीचा जुना मार्ग आहे.

क्रेडिट कार्डात एक उलटा धोका असतो. तुमच्या कार्डावर पतींना अ‍ॅड-ऑन कार्ड दिलेलं असेल तर त्यांचा सगळा खर्च तुमचं देणं आहे. ते कार्ड आजच बंद करा.

पतपेढीच्या कर्जाकडे विशेष लक्ष द्या. मुंबईत पगारदारांच्या पतसंस्थांमध्ये कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि घरच्या घरी बायकोची सही घेणं सर्रास चालतं. सही केली होती हे अनेकींना आठवतही नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवते आणि तो दिवाणी खटल्याच्या मानाने फार लवकर मिळतो. त्यात जामीनदाराचं नाव असेल तर पगार आणि मालमत्ता दोन्हींवर जप्ती येऊ शकते. संस्थेला लेखी विचारा: अमुक कर्जाला माझी जामिनकी आहे का, असल्यास रोख्याची प्रत द्या. जामीनदार असाल तर प्रत मागणं रास्तच आहे.

कॅश क्रेडिटला तुम्ही जामीन असाल तर करार कायद्याचं कलम १३० कामी येतं. चालू राहणाऱ्या जामिनकीतून पुढच्या व्यवहारांपुरतं माघार घेता येतं; बँकेला तशी लेखी नोटीस द्यायची. नोटिशीच्या दिवसापर्यंतचं देणं मात्र अंगावर राहतं, कारण कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून ही नोटीस जितकी लवकर जाईल तितकं कमी नुकसान. बँक लगेच नवा जामीनदार मागेल किंवा मर्यादा गोठवेल, पतींचा धंदा अडेल, घरात वाद होईल. तरीही द्या. मुदतीच्या साध्या कर्जाला हे कलम उपयोगी पडत नाही, कारण तिथे पूर्ण रक्कम आधीच उचललेली असते.

दागिन्यांचीही चौकशी करा. तुमचे दागिने पतींनी स्वतःच्या नावावर सोनेतारणात ठेवले असतील तर ते तुमचं स्त्रीधन आहे, पण संस्थेच्या नोंदीत गहाण ठेवणारे पती आहेत आणि कर्ज थकलं की नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाईल. संस्थेला तुमच्या मालकीबद्दल लेखी कळवा, खरेदीच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जोडा, आणि वकिलामार्फत स्त्रीधनाच्या यादीत ही पावती क्रमांकासह घाला. तुम्ही सही करून दिलेले कोरे चेक कुठे पडले असतील तर बँकेला त्यांचे क्रमांक देऊन पेमेंट थांबवा, पतींनाही कळवा.

या सगळ्यातलं काय काय अस्तित्वात आहे, हे क्रेडिट रिपोर्टवरून कळतं. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चारही काढा, कारण सगळ्या संस्थांकडे सगळी कर्जं दिसतीलच असं नाही. रिपोर्टमध्ये तुमची भूमिका लिहिलेली असते: एकटी, संयुक्त, जामीनदार. ओळखीचं नसलेलं कर्ज दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तुमच्या आधार आणि मोबाइलवर आलेला ओटीपी घरात दुसऱ्या कुणी वापरून ॲपवरून घेतलेलं कर्ज इथेच उघडकीला येतं.

नळ बंद करणं

याच आठवड्यात गृहकर्जाच्या शाखेला पत्र द्या आणि पोच घ्या: माझ्या प्रत्यक्ष सहीशिवाय टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज), मुदतवाढ किंवा दरबदल करू नये, कागदपत्रं परत देऊ नयेत, सर्व पत्रव्यवहार माझ्या या पत्त्यावर आणि ईमेलवरही पाठवावा. बँकेच्या नोटिसा पहिल्या कर्जदाराच्या पत्त्यावर जातात, आणि वेगळं राहणाऱ्या जोडीदाराला ताब्याची नोटीस दारावर चिकटेपर्यंत काहीच कळत नाही, असं वारंवार घडतं. तुमचं कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं असेल, म्हणजे जादा भरलेले पैसे पुन्हा काढता येत असतील, तर हे पत्र आणखी निकडीचं. तुम्ही पोटाला चिमटा काढून भरलेली जादा रक्कम दुसरा खातेदार एका क्लिकवर काढू शकतो. खातं "दोघांपैकी कुणीही" ऐवजी "दोघांनी मिळून" चालावं अशी सूचना द्या. संयुक्त बचत खात्यालाही तेच. तुमचा पगार ज्या बँकेत पतींची कार्डं किंवा कर्जं आहेत तिथल्या संयुक्त खात्यात येत असेल तर दुसऱ्या बँकेत एकटीचं खातं उघडून पगार तिकडे वळवा.

पती घर परस्पर विकतील किंवा त्यावर आणखी बोजा चढवतील अशी भीती असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ खाली घराची विक्री किंवा गहाण रोखणारा आदेश मिळू शकतो, आणि कलम १७ तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क देतं. हा हक्क पती आणि सासरच्या माणसांसमोर चालतो. त्याने बँकेचा हप्ता थांबत नाही, हे लक्षात ठेवूनच त्याच्यावर विसंबा.

नाव कसं निघतं

कर्जातून नाव "काढण्याचा" कुठलाही अर्ज नसतो. बँकेच्या दृष्टीने हा दोन पगारांवर दिलेल्या कर्जाचा एका पगारावर नव्याने केलेला करार असतो, म्हणून ती राहणाऱ्या माणसाची पुन्हा सगळी तपासणी करते: पगाराच्या पावत्या, आयकर विवरणपत्रं, क्रेडिट स्कोअर, वय, घराचं नवं मूल्यांकन. नकार बहुतेक वेळा हप्ता आणि उत्पन्नाच्या प्रमाणावर येतो. समजा घर तुम्ही ठेवणार आणि हातात येणारा पगार ९५,००० आहे. १५ वर्षांचा हप्ता ५९,०८४ म्हणजे पगाराच्या ६२ टक्के. बँक नाही म्हणेल. २० वर्षांवर ५५ टक्के, २५ वर्षांवर ५१ टक्के. इथे बोलणी होऊ शकतात. तेवढ्यानेही जमत नसेल तर कमावता भाऊ किंवा वडील सहकर्जदार म्हणून घेणं, किंवा पतीकडून मिळणाऱ्या एकरकमी पोटगीतून ८-१० लाख आधी मुद्दलात भरणं, हे दोन उपाय खरोखर चालतात. सध्याच्या बँकेने दाद दिली नाही तर एकटीच्या नावावर दुसऱ्या बँकेत कर्ज वळवता येतं. त्यात नव्या गहाणाच्या नोंदीवर मुद्रांक शुल्क पुन्हा लागतं आणि प्रक्रिया फी वेगळी.

आता या सगळ्यातली गाठ. बँक म्हणते, घराचे सगळे मालक कर्जात हवेत, म्हणून आधी मालकी बदलून आणा. दुय्यम निबंधक कार्यालय आणि सोसायटी म्हणतात, घर गहाण आहे, आधी बँकेचा ना हरकत दाखला आणा. गाठ सुटते ती क्रमाने. आधी बँकेकडून सशर्त मंजुरीपत्र आणि हस्तांतरणापुरता ना हरकत दाखला घ्यायचा, मग मालकीचा दस्त नोंदवायचा, आणि नोंदलेला दस्त व इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा अधिकृत उतारा) देऊन बँकेचा पुरवणी करार करायचा. मंजुरीपत्राची मुदत ठरावीक असते, ती संपायच्या आत दस्त व्हायला हवा. तुमच्या नव्या करारात "आधीचे कर्जदार श्री. अमुक यांना जबाबदारीतून मुक्त केलं आहे" असं वाक्य हवंच, नुसतं नवं नाव जोडून जुनं तसंच ठेवलेले करार खूप निघतात.

घर पती ठेवणार असतील तर क्रम उलट बाजूने तितकाच काटेकोर पाळा. कर्जातून तुमची लेखी मुक्तता होत नाही तोवर हक्कसोडपत्रावर किंवा बक्षीसपत्रावर सही करू नका. घरावरचा हक्क गेला आणि कर्ज मात्र अंगावर राहिलं, ही वेगळं होणाऱ्या बायकांची सर्वांत वाईट अवस्था असते. पती हप्ते चुकवतात, तुमचा स्कोअर पडतो, तुम्हाला स्वतःचं वन-रूम-किचन घ्यायला कर्ज मिळत नाही, आणि विकून मोकळं व्हावं तर घर तुमचं नाही. "तू सही कर, बँकेचं मी बघतो" हे वाक्य कितीही चांगल्या मनाने म्हटलेलं असो, दोन्ही सह्या एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हायला हव्यात.

दस्त कुठला, आणि कधी

इथे लाखोंचा फरक पडतो. महाराष्ट्रात राहत्या घराचं पती-पत्नीत बक्षीसपत्र केलं तर मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलत संपते. मग मुंबईत बाजारमूल्यावर ६ टक्के. समजा घर १ कोटी ४० लाखांचं आहे, तर त्यातला अर्धा हिस्सा म्हणजे ७० लाख, त्यावर ४ लाख २० हजार, शिवाय ३०,००० पर्यंत नोंदणी फी. म्हणून मालकीचा दस्त हुकूमनाम्याच्या आधी, अर्ज प्रलंबित असताना करा.

हक्कसोडपत्र स्वस्त पडेल असं सोसायटीत कुणीतरी सांगतंच. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात हक्कसोडपत्राचा नाममात्र दर वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. दोघांनी बिल्डरकडून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही. त्याच्या हक्कसोडपत्राला खरेदीखतासारखंच शुल्क. कमी शुल्कात नोंदणी झाली म्हणून सुटलो असं होत नाही, पुढे तपासणीत फरक आणि दंड निघतो, बहुधा घर विकायच्या वेळी.

बक्षीसपत्राला मोबदला नसावा लागतो. तुम्ही पतींना हिश्श्यापोटी ४० लाख देणार आणि कागदावर बक्षीसपत्र करणार, हे खोटं ठरतं. त्यांचा कर्जाचा वाटा तुम्ही घेता यालाही मोबदला म्हणायचं का, हा प्रश्न निघू शकतो. म्हणून दस्ताचा मसुदा सहीआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयाला द्या. अधिभारासकट नेमकं शुल्क ते ठरवून देतात आणि मागाहून वाद राहत नाही.

हिश्श्याचा हिशेब असा बसतो: बाजारमूल्य १ कोटी ४० लाख, वजा कर्ज ६० लाख, राहिले ८० लाख. निम्मे-निम्मे ठरलं तर घर ठेवणाऱ्याने दुसऱ्याला ४० लाख द्यायचे आणि पूर्ण ६० लाखांचं कर्ज स्वतःवर घ्यायचं. निम्मंच असावं असा नियम नाही. सुरुवातीची रक्कम कुणाच्या प्रॉव्हिडंट फंडातून आली, हप्ते कुणी किती भरले, वेगळं झाल्यावर कुणी भरले, हे बँक स्टेटमेंटवरून मांडा आणि मग पोटगीशी वजावट करा. विकत घेण्याचा व्यवहार केलात तर तो ७० लाखांचा धरला जातो (४० रोख आणि ३० कर्जाचे). म्हणजे ५० लाखांच्या वरचा, त्यामुळे १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची, आणि भांडवली नफ्यावरचा कर त्यांचा.

संमतीच्या अटींत काय लिहायचं

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कौटुंबिक न्यायालयात संमतीच्या अटी दाखल होतात तेव्हा कर्जाबद्दल एकच ओळ असते: "गृहकर्ज पती फेडतील." ही ओळ निरुपयोगी आहे. बँकेचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, अमुक तारखेची बाकी, हप्ता कोण कुठल्या तारखेला भरणार, दुसऱ्याला पावती कशी पाठवणार, किती महिन्यांत दुसऱ्याचं नाव कर्जातून काढणार, हे सगळं लिहा. त्यानंतर चुकल्यास काय, ते लिहा: दोन हप्ते थकले तर दुसऱ्याला भरण्याचा आणि व्याजासह वसूल करण्याचा हक्क, ठरलेल्या मुदतीत नाव निघालं नाही तर घर विक्रीला काढायचं, मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या किमतीच्या किती टक्क्यांखाली विकायचं नाही, दलाल कोण. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, पार्किंग यांचीही एक एक ओळ हवी.

फ्लॅटचं पूर्ण वर्णन घटस्फोटाच्या अर्जात आणि मागणीतही घाला, केवळ अटींत नको. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तडजोडीच्या हुकूमनाम्यात दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता आली तर तो नोंदवावा लागतो. अर्जात फ्लॅटचा उल्लेख नसल्याने नंतर सोसायटीने आणि बँकेने हुकूमनामा न स्वीकारल्याची उदाहरणं वकिलांकडे ढिगाने आहेत.

२०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पतींच्या प्रतिज्ञापत्रात नवीन कर्जं अचानक दिसली तर त्यांच्या मंजुरीच्या तारखा आणि पैसे कुठे गेले याची स्टेटमेंटं मागा. पोटगी कमी व्हावी म्हणून स्वेच्छेने वाढवलेल्या हप्त्यांना न्यायालयं फारशी दाद देत नाहीत. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यात संकोच नको.

दोघांनाही घर झेपत नसेल तर विका, आणि खातं नियमित असताना विका. लिलावाच्या घराला बाजारभाव मिळत नाही. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला नेमकी किती रक्कम लागेल ते पत्र) आणि कागदपत्रांची यादी घ्या. घेणाऱ्याच्या बँकेची पहिली पे-ऑर्डर थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावे, उरलेल्या रकमेच्या दोन वेगळ्या पे-ऑर्डर दोघांच्या नावे, हे विक्रीकरारातच लिहा. सगळी रक्कम एकाच्या खात्यात गेली की पुन्हा नवा दावा सुरू होतो. पती सहीला यायला तयार नसतील तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ खाली त्याच न्यायालयात मालमत्तेच्या वाटपाची मागणी करता येते. वेळ जातो, त्या काळात हप्ता तुम्हालाच सांभाळावा लागतो, हे धरून निर्णय घ्या.

बँकेने थकबाकीवर एकरकमी तडजोड, म्हणजे काही रक्कम सोडून खातं मिटवणं, देऊ केली तर घाईने घेऊ नका. संयुक्त कर्जात "सेटल्ड" असा शेरा दोघांच्याही रिपोर्टवर बसतो आणि पुढच्या कर्जाला आडवा येतो.

कर्ज पूर्ण फिटलं की बँकेने ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात आणि तारणाचा बोजा नोंदणीतून उतरवायचा असतो; तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद संयुक्त असल्याने ते कुणी ताब्यात घ्यायचे हे अटींत आधीच ठरवून बँकेला कळवा. मग सोसायटीच्या नोंदीतला बँकेचा बोजा काढून घ्या, शेअर सर्टिफिकेटवर नाव बदला, आणि दोन महिन्यांनी चारही क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा. तिथे हे कर्ज तुमच्या नावापुढे बंद दिसलं, किंवा पतींनी घर ठेवलं असेल तर तुमच्या यादीतून गेलेलं दिसलं, की काम झालं. अजून चालू दिसत असेल तर बँकेच्या मुक्ततापत्राची प्रत जोडून त्याच दिवशी हरकत नोंदवा.